क्यूशूचा पहिला आठवडा : कोणती ठिकाणे ठेवावीत आणि कोणती सोडावीत?

मुळाकाठी यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. येत्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, मी, पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे जपानला प्रथमच जाणार आहोत. प्रत्यक्ष फिरण्यासाठी सात रात्री हाताशी आहेत. तोक्यो आणि क्योतो आम्ही जाणीवपूर्वक वगळले आहे, कारण वडिलांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला असून जागृत ज्वालामुखी जवळून पाहण्याची त्यांची जुनी इच्छा आहे. ती क्यूशू बेटावर पूर्ण होईल असे दिसते. तेथील उष्ण झऱ्यांचेही आम्हाला आकर्षण आहे.

मी कच्चा आराखडा असा केला आहे : फुकुओका, नागासाकी, कुमामोतो, आसो (ज्वालामुखी), ताकाचिहो, कागोशिमा आणि बेप्पू (उष्ण झरे), प्रत्येक ठिकाणी एक रात्र. नकाशावर ही सर्व ठिकाणे जवळजवळ दिसतात. मात्र आईचा एक गुडघा दुखरा आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेसुद्धा खात नाही. आम्ही बाकीचे तिघे मासे खातो. हा आराखडा झेपेल का, रेल्वेचा पास घ्यावा का आणि आईच्या जेवणाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

हाकाताचा पाहुणा

नमस्कार. नोकरीनिमित्त मी फुकुओकात राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना हे बेट दाखवण्याचे काम वरचेवर माझ्याकडे येते. त्या आधारावर स्पष्टच सांगतो की, हा आराखडा तरुणांनाही दमवणारा आहे. रोज सकाळी सामान बांधायचे, दुपारी दोनतीनपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहायची आणि नोव्हेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात घ्यायचे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाहण्यासाठी जेमतेम तीन तास उरतात.

माझ्या मते पहिली रात्र फुकुओकात काढावी आणि पुढे नागासाकी, कुमामोतो व बेप्पू येथे प्रत्येकी दोन रात्री राहावे. भारतातून फुकुओकाला थेट विमान नाही. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे यावे लागते, त्यामुळे पहिला दिवस विश्रांतीचाच धरावा. विमानतळ शहराला इतका लागून आहे की देशांतर्गत टर्मिनलखालून सुटणारी भुयारी रेल्वे पाचसहा मिनिटांत हाकाता या फुकुओकाच्या मुख्य स्थानकावर पोहोचवते. आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून तेथपर्यंत विनामूल्य बस आहे. परतीचे विमान सकाळचे असेल, तर बेप्पूची एक रात्र कमी करून शेवटची रात्र पुन्हा फुकुओकात ठेवावी.

ताकाचिहो वगळा. तेथील दरी सुंदर आहे यात वाद नाही, पण २००५ च्या वादळात तिकडची रेल्वे वाहून गेली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. आता बस किंवा मोटार एवढाच पर्याय आहे. कागोशिमाची गोष्ट फसवी आहे. शिन्कान्सेन, म्हणजे अतिजलद रेल्वे, हाकाताहून तेथे सुमारे दीड तासात नेते, म्हणून ते सोपे वाटते, परंतु तेथून पूर्व किनाऱ्याने बेप्पूला यायचे तर जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो.

नागासाकीला जाताना हाकाताहून आधी साधी जलद गाडी असते. ताकेओ-ओन्सेन येथे त्याच फलाटावर पलीकडे उभ्या असलेल्या शिन्कान्सेनमध्ये बसायचे असते. हा नवा मार्ग सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्यामुळे एकूण प्रवास दीड तासाच्या आसपास आला आहे. जिना चढावा लागत नाही, हे आपल्या मातोश्रींसाठी महत्त्वाचे. नागासाकीहून कुमामोतोला रेल्वेने जायचे, तर बरेचसे मागे येऊन शिन-तोसू येथे गाडी बदलावी लागते. मी पाहुण्यांना वेगळ्या वाटेने पाठवतो : इसाहायापर्यंत रेल्वे, तेथून समुद्राच्या कडेने जाणारी शिमाबाराची छोटी गाडी आणि शिमाबारा बंदरातून कुमामोतोची बोट. जलद बोट अर्ध्या तासात आणि साधी तासाभरात पलीकडे पोहोचते. बोटीतून मागे वळून पाहिले की उन्झेनचा ज्वालामुखी दिसतो. जून १९९१ मध्ये त्याच्याच तप्त लोटाने ४३ माणसांचे प्राण घेतले. भूगोलाच्या शिक्षकांना हा रस्ता चुकवू देऊ नका.

पासविषयी : उत्तर क्यूशूपुरता तीन किंवा पाच सलग दिवसांचा पास मिळतो आणि त्यात नागासाकी, कुमामोतो, आसो व बेप्पू येतात. दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत तो वापरून बेप्पू ते हाकाता हा शेवटचा प्रवास सुट्या तिकिटाने करता येईल. शिमाबाराची गाडी आणि बोट मात्र पासमध्ये नाहीत. ती वाट धरणार असाल, तर सर्व तिकिटांची बेरीज करूनच पास घ्या, केवळ सर्वजण घेतात म्हणून नको. आणखी एक खाचखळगा असा की हाकाता आणि बेप्पूच्या वाटेवरचे कोकुरा यांमधली शिन्कान्सेन दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे हा पास तेथे चालत नाही. बेप्पूहून येणारी सोनिक नावाची गाडी जुन्या मार्गाने धावते, तिच्यात तो चालतो.

सामान सोबत वाहू नका. हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग दिली की ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचते. या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात. मोठ्या बॅगा फुकुओकाहून थेट कुमामोतोला पाठवाव्यात आणि नागासाकीला पाठीवरच्या पिशव्या न्याव्यात.

पूर्वपश्चिम

वरील मार्गदर्शन उत्तम आहे, परंतु कागोशिमाविषयी माझा मतभेद नोंदवतो. ज्यांना ज्वालामुखी पाहायचा आहे, त्यांना साकुराजिमा न दाखवता परत पाठवणे मला पटत नाही. शहरापासून बोटीने पंधरा मिनिटांच्या अंतरावर धुराचा लोट सोडणारा डोंगर उभा आहे आणि लोक त्याच्या राखेत छत्र्या उघडून बाजारहाट करतात. १९१४ च्या उद्रेकात लाव्हा इतका वाहिला की हे बेट पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पाला कायमचे जोडले गेले. नकाशा बदलल्याची ही खूण शिक्षकांना पुस्तकाबाहेर पाहायला मिळेल. बेप्पू सोडा, कुमामोतोहून शिन्कान्सेनने कागोशिमाला जा आणि त्याच मार्गाने हाकाताला परत या. मात्र या पर्यायात उत्तर क्यूशूचा पास पुरणार नाही, संपूर्ण क्यूशूचा घ्यावा लागेल.

वसईची वाट

ज्वालामुखींच्या या चर्चेत नागासाकी केवळ मुक्कामाचे गाव ठरू नये, म्हणून लिहीत आहे. नागासाकी स्थानकाबाहेर पडून पायी दहा मिनिटांच्या आत निशिझाका नावाची लहानशी टेकडी आहे. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर चढवले गेले आणि त्यांपैकी एक होते आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. व्यापारानिमित्त जपानात राहिल्यामुळे त्यांना तेथील भाषा उत्तम येत होती. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. त्यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले. वसईत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत. मराठी माणसाने एवढ्या लांब जाऊन हे न पाहता परतावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

गोव्याचा धागाही येथे पोहोचतो. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले, तेव्हा गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ त्यांच्यासोबत वाटाड्या म्हणून होता. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि नागासाकी परिसरातील ख्रिस्ती लोकांनी अडीचशे वर्षे आपली श्रद्धा गुप्तपणे जपली. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला स्वतःची ओळख दिली. हे चर्च ग्लोव्हर गार्डन या टेकडीवरच्या बागेच्या पायथ्याशी आहे. नागासाकीच्याच उराकामी भागातील मोठे चर्च अणुबॉम्बच्या स्फोटकेंद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होते आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी ते कोसळले. आजची इमारत नंतर बांधलेली आहे. अणुबॉम्ब संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवा आणि त्यानंतर लगेच दुसरे काही पाहण्याचा बेत करू नका.

गाव चढउतारांचे आहे, पण ट्राम जवळपास सर्वत्र नेते आणि ग्लोव्हर गार्डनच्या चढावर सरकते जिने आहेत. गुंकानजिमा, म्हणजे १९७४ मध्ये कोळशाची खाण बंद पडल्यावर ओस पडलेले बेट, या वेळी सोडून द्यावे. समुद्र खवळलेला असेल तर बोट धक्क्याला लागतच नाही, आणि लागली तरी पायऱ्या आहेत.

मुगाची खिचडी

मी शाकाहारी आहे, त्यामुळे जेवणाविषयीच लिहिते. जपानमध्ये अडचण मांसाची नसून दाशीची आहे. सुकवलेल्या कात्सुओ माशाचे हे पाणी सूपमध्ये, डाळीसारख्या दिसणाऱ्या मिसोमध्ये, भाजीच्या रश्श्यात आणि कित्येकदा गोडसर तोफूच्या पुडीतही असते. केवळ मांस नको असे सांगितले, तर समोर येणारी वाटी माशाच्या पाण्याचीच असेल, आणि आणून देणाऱ्याचा त्यात काही दोष नसेल. म्हणून मांस, मासे, अंडी आणि माशांची दाशी काहीही चालत नाही, असे जपानी लिपीत स्पष्ट लिहिलेले कार्ड जवळ ठेवा. फुकुओकाची प्रसिद्ध तोन्कोत्सु रामेन डुकराच्या हाडांच्या रश्श्याची असते, हेही मातोश्रींना आधीच सांगून ठेवा.

तरीही त्या उपाशी राहणार नाहीत. कुमामोतोत मिळणारा इकिनारी दांगो म्हणजे रताळ्याची जाड चकती आणि लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण पिठात गुंडाळून उकडलेला पदार्थ. पुरणाचे दिंड खाणाऱ्या माणसाला तो लगेच आवडतो. फुकुओकाजवळच्या दाझाइफूच्या मंदिरासमोर उमेगाए मोची, म्हणजे गोड पुरण भरलेली तांदळाच्या पिठाची टिक्की, गरमागरम भाजून देतात. बेप्पूच्या कान्नावा भागात तर जमिनीतून येणाऱ्या वाफेवर आपल्यासमोर भाज्या, मका, रताळी, भोपळा उकडून घेता येतात. त्यात काय पडले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असल्यामुळे माझ्या दृष्टीने ते क्यूशूमधील सर्वांत निर्धास्त जेवण आहे, आणि म्हणूनच बेप्पू वगळू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. सोबत तयार उपमा, पोहे, मेतकूट, चटणी अवश्य न्या. कच्चे तांदूळ, ताजी फळे किंवा कढीपत्ता नेऊ नका, कारण वनस्पतींच्या तपासणीत ते अडकतात.

र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृहात, राहणार असाल, तर आहाराची अट खोली राखतानाच कळवावी. आयत्या वेळी तेथे काही बदलत नाही. गाद्या जमिनीवर घालतात, म्हणून गुडघ्यासाठी पलंगाची खोली मागून घ्या. सार्वजनिक स्नानगृहात वस्त्राशिवाय उतरावे लागते. संकोच वाटत असल्यास कुटुंबापुरते तासाच्या हिशेबाने मिळणारे स्नानगृह बेप्पूत सहज उपलब्ध असते.

मुळाकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे घरी वाचून दाखवली. गोन्सालो गार्सियांविषयी ऐकल्यावर नागासाकीच्या दोन रात्री निश्चित झाल्या आणि कान्नावाच्या वाफेमुळे बेप्पूही राहिले. त्यामुळे साकुराजिमाला या वेळी मुकावे लागेल. पूर्वपश्चिम यांचा मुद्दा वडिलांना मनापासून पटला असला, तरी आसो पाहायला मिळाल्यास त्यांची तक्रार नाही. आता एवढेच विचारतो की, आसोच्या विवरापर्यंत नक्की जाता येते का, आणि कुमामोतो ते बेप्पू या टप्प्यासाठी मोटार भाड्याने घ्यावी का? वडिलांना दम्याचा सौम्य त्रास आहे.

हाकाताचा पाहुणा

दम्याचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. आसोच्या नाकादाके या विवरातून गंधकाचा विषारी वायू निघतो, म्हणून दमा, श्वसनविकार आणि हृदयविकार असलेल्यांनी विवराच्या काठाशी जाऊ नये, अशी तेथे स्पष्ट सूचना असते. शिवाय वाऱ्याची दिशा बदलली की रस्ता सर्वांसाठीच बंद होतो आणि उद्रेकाची पातळी वाढली तर तो महिनोन्महिने बंद राहतो. म्हणून विवराला कार्यक्रमाचा केंद्रबिंदू करू नका. खरे दृश्य विवराचे नाहीच. उत्तरेकडच्या दाइकान्बो या उंच कड्यावर उभे राहिले की उत्तर-दक्षिण सुमारे २५ आणि पूर्व-पश्चिम १८ किलोमीटर पसरलेली महाकुंडाची, म्हणजे प्राचीन उद्रेकांनंतर जमीन खचून बनलेल्या प्रचंड खोलगट भागाची, कड नजरेत येते. तिच्या आत शेते, गावे आणि रेल्वेमार्ग सुखाने नांदत आहेत आणि मधोमध डोंगरांची रांग धुमसत आहे. विवराच्या अलीकडचे कुसासेन्रीचे गवताळ मैदानही वडिलांना पाहता येईल, फक्त त्या दिवशी वायूची स्थिती विचारून वर जा.

मोटारीविषयी माझे मत अनुकूल आहे. जपानमध्ये वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात आणि भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना तेथे चालतो. मूळ परवाना आणि पारपत्र सोबत ठेवा. कुमामोतोत गाडी घेऊन दाइकान्बो, कुसासेन्री आणि तेथून यामानामी मार्गाने युफुइन या उष्ण झऱ्यांच्या गावावरून जाऊन ती बेप्पूला सोडावी. दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे शुल्क आधी विचारा. नोव्हेंबरात त्या पठारावरचे गवत सोनेरी झालेले असते, आणि वर चांगलीच थंडी असते. चालवायचे नसेल, तर कुमामोतो ते बेप्पू अशी थेट बसही त्याच पठारावरून जाते, तिची जागा आधी राखावी लागते. कुमामोतो शहरातल्या बसमध्ये मात्र देशभर चालणारी प्रवासकार्डे नोव्हेंबर २०२४ पासून स्वीकारत नाहीत, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या.

कुमामोतोचा किल्ला २०१६ च्या भूकंपात बराच कोसळला होता. मुख्य बुरूज २०२१ मध्ये खुला झाला, तटबंदीचे काम अजून पुष्कळ वर्षे चालणार आहे. ढासळलेल्या भिंतींचे क्रमांक घातलेले दगड मैदानात ओळीने मांडून ठेवलेले दिसतील. बुरुजापर्यंत जाण्यासाठी उंचावरून बांधलेला सपाट मार्ग आहे आणि आत उद्वाहक आहे, त्यामुळे मातोश्रींना अडचण येऊ नये.

शेवटची सूचना तारखांविषयी. ३ आणि २३ नोव्हेंबर हे तेथील सुटीचे दिवस असून त्यांना लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी युफुइन व बेप्पू येथे खोल्या मिळणे कठीण होते. तुमचा आठवडा या दोन तारखांच्या मधे बसत असेल तर तोच धरा. व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा मिळाला, तर विमानतळावर तो फोनमध्ये इंटरनेट सुरू ठेवून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. म्हणून निघण्याआधी चौघांच्याही फोनवर तो उघडतो की नाही, हे पाहून घ्या.