खिशातली बॅटरी: ल्युमेन पाहून घ्यायची की सेल पाहून?

(बॅटरी म्हणजे टॉर्च. विदर्भातल्या चौघांच्या गप्पा; प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचं गाव आणि पीक किंवा काम दिलं आहे.)

पांढरकवडा, कापूस-तूर
हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की मोटरीची थ्री फेज वीज अजून पुष्कळदा रात्री वाट्याला येते, आणि दीड-दोन हजारांत रोज खिशात राहील अशी बॅटरी कोणती घ्यावी हा विषय निघतोच. माझं मत सरळ आहे. खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा आकडा सोडा. 18650 सेल (चार्ज होणारा, बोटाएवढा लिथियमचा सेल) बाहेर काढता येतो का आणि दहाव्या मिनिटाला उजेड किती उरतो, हे दोनच प्रश्न विचारा.

हजार ल्युमेन म्हणतात तो सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतला उजेड. मुठीत मावणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून आतलं सर्किट लगेच उजेड उतरवतं. आपल्याकडच्या 45 अंशांत तर आणखी लवकर. धुऱ्यानं (बांधावरून) चालायला 150 ते 300 ल्युमेन भरपूर झाले. 3000 एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलची साठवण) खरा सेल असेल तर 200 ल्युमेनवर चार-पाच तास निघतात.

दुसरं, उजेडाचा रंग, तो केल्विनमध्ये मोजतात. 6500 केल्विनचा निळसर पांढरा डोळ्यांना भारी वाटतो, पण त्यात सगळं एकसारखं दिसतं. माती काळी, ठिबकची नळी काळी आणि मण्यारही काळी. 4000 ते 5000 केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरचा एलईडी घेतला तर मण्यारीचे पांढरे पट्टे आणि नळीवरची धूळ वेगळी ओळखू येते. निचिया 519ए हा एलईडी याच कामाचा. त्यात थोडे ल्युमेन कमी मिळतात, मिळू द्या.

वरुड, संत्रा
पायाखालचं पाहायला हे ठीक आहे भाऊ, पण बागेत जागलीला जाणाऱ्याचं काय? पायाजवळ पसरणारा उजेड शंभर मीटरवर काहीच दाखवत नाही. तिथं ल्युमेन नाही, कॅन्डेला, म्हणजे झोताचा जोर पाहावा लागतो. हिशोब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. 10,000 कॅन्डेला म्हणजे 200 मीटर. पण त्या टोकाला उजेड फक्त पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. म्हणून कामाचं अंतर त्याच्या निम्मंच धरायचं.

रोह्याचे (नीलगायीचे) डोळे चमकतात, त्यामुळं तो कमी उजेडातही कळतो. रानडुकराच्या डोळ्यांत मागचा परावर्तक पडदाच नसतो, ते तसं चमकत नाही. तुरीत उभं असलेलं डुक्कर ओळखायचं तर त्याच्या अंगावर उजेड पडला पाहिजे. तुमची 519ए वाली पसरट बॅटरी इथं कमी पडते. त्याच नळीत एसएफटी-40 सारखा झोताचा एलईडी आणि गुळगुळीत रिफ्लेक्टर असलेली घ्यावी.

पांढरकवडा, कापूस-तूर
डुकराचं पटलं. पण गुळगुळीत रिफ्लेक्टरचा झोत पायाजवळ पडला की मधोमध पांढरा गोळा उठतो, डोळे दिपतात आणि कडेचं दिसत नाही. साप बहुतेकदा कडेलाच असतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर दोन्हींच्या मधला आहे. झोत थोडा मऊ होतो, कडा हळूहळू विरते. आणि पुढची काच सरकवून झूम करायची बॅटरी कोणी घेऊ नये. झोत बारीक केला की अर्ध्याहून जास्त उजेड नळीतच अडकतो, आणि सरकत्या फटीतून धूळ-पाणी आत जातं.

साकोली, धान
मला दोघांचंही पटत नाही. मध्यम किमतीची बॅटरी घ्यायची ती निर्धास्त राहण्यासाठी, आणि तुम्ही सांगता तो सेल गावात मिळतच नाही. पेन्सिल सेल प्रत्येक किराणा दुकानात आहे. एका पेन्सिल सेलवर चालणारी बारीक बॅटरी ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या खिशात जाणवतही नाही. 18650 वाली सेलसकट सव्वाशे ग्रॅमची, खिसा ओढते. रोज जवळ असेल तीच कामाची. घरी विसरलेल्या मोठ्या बॅटरीचा उजेड किती, याला अर्थ नाही.

पाण्याचंही सांगते. बांधीत (धानाच्या खाचरात) रोवणीच्या दिवसांत आयपीएक्स4 पुरत नाही, ते फक्त शिंतोड्यांसाठी असतं. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसलेलं नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही. म्हणून मला भोकच नसलेली बॅटरी बरी वाटते.

कळंब, मोटर रिवाइंडिंग
ताईंच्या भोकावरच्या रबराच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पेन्सिल सेलच्या मुद्द्याशी नाही. किराण्यात मिळतो तो बहुतेक झिंक-कार्बनचा. महिनाभर बॅटरीत राहिला की पाझरतो आणि स्प्रिंग हिरवी होते. रिचार्जेबल निकेलचा घेतला तर 1.2 व्होल्ट गुणिले 2000 एमएएच, म्हणजे 2.4 वॅट-तास. 3000 एमएएचच्या 18650 मध्ये पावणेअकरा. वजन जेमतेम पावणेदोनपट, ऊर्जा साडेचारपट.

आता 18650 वाल्यांनीही ऐकावं. बाजारात 9900 एमएएच छापलेले सेल येतात, ते खोटे. या मापातला चांगला सेलही साधारण 3500-3600 चाच असतो, फार तर 4000 च्या आसपास. दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा: खरा सेल 45 ते 48 ग्रॅम भरतो, खोटा तीस-पस्तीसच्या आसपास. पूर्ण चार्ज करून एक दिवस नुसता ठेवा आणि मल्टिमीटर लावा. 4.2 चा 4.0 च्या खाली उतरला तर टाकून द्या. जुन्या लॅपटॉपमधला सेल 2.5 च्या खाली गेलेला असेल तर जबरदस्तीनं चार्ज करू नका. आत तांब्याचे कण सुटलेले असू शकतात, तो पुढं कधीही शॉर्ट होऊ शकतो.

आणि दोन पिनांची, भिंतीत खुपसायची जुनी बॅटरी अजून घराघरांत आहे म्हणून सांगतो. तिच्यात 4 व्होल्टचा शिसे-आम्लाचा सेल असतो आणि चार्जिंगला ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर, चार डायोड, बस. म्हणजे पिना लावलेल्या असताना आतल्या सगळ्या तारा मेन लाईनशी जोडलेल्या. ओल्या हातानं ती धरू नका. सेल मेलेला असेल आणि चार्जिंगला लावून बटण दाबलं, तर व्होल्टेज दाबून धरायला सेलच नाही. एलईडी एका झटक्यात जळतात.

वरुड, संत्रा
मग सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावायचा की यूएसबीचीच घ्यायची?

कळंब, मोटर रिवाइंडिंग
यूएसबी असू द्या, पण सेल निघणारा हवा. दोन-तीन वर्षांत मरतो तो सेल. आतच बंद केलेला असेल तर त्याच्यासोबत चांगली बॅटरी फेकावी लागते. टाइप-सी ची घेताना दुकानातच दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून पाहा. स्वस्त सर्किटात 5.1 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर गाळतात. मग जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर चार्ज होते, नव्या मोबाइल चार्जरवर होतच नाही, आणि लोक बॅटरी बिघडली समजतात. टिनाखाली मे महिन्याच्या दुपारी चार्जिंगला लावू नका. लिथियमचा सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. पहाटे लावा.

मोटरीचा स्टार्टर उघडणाऱ्यानं बुडाशी चुंबक असलेलीच घ्यावी. पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. बॅटरी दातात धरून फ्यूज बदलणं सोडा, राजेहो.

पांढरकवडा, कापूस-तूर
चुंबकाचं मान्य. वुर्कोस एफसी11 या बॅटरीत चुंबक, टाइप-सी आणि निघणारा 18650 तिन्ही आहेत. पण तिचं बटण बाजूला आणि इलेक्ट्रॉनिक. चिखलाच्या हातानं चाचपडावं लागतं, खिशात चुकून पेटली तर कापड तापतं. बुडाचं टोपण पाव फेरा सैल करून ठेवलं की बंद राहते. कॉन्व्हॉय एस2+ या दुसऱ्या बॅटरीचं बटण मागं, साधं यांत्रिक. अंगठा आपोआप त्यावर जातो आणि बंद असताना सेल थेंबभरही खात नाही.

साकोली, धान
पाव फेरा सैल केल्यावर माती आत जात नाही का?

पांढरकवडा, कापूस-तूर
रबरी रिंग टोपणाच्या आतच राहते, त्यामुळं पाणी अडतं. सेल बदलताना मात्र आट्यांत काळी माती जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून तिचा चिकट काळा लेप होतो. मग बॅटरी लुकलुकते आणि लोक एलईडी गेला म्हणतात. टोपण उघडा, आटे कोरड्या सुती कापडानं पुसा, नळीची उघडी चकचकीत कड नखानं खरडू नका, नुसती पुसा. वीज त्याच कडेतून जाते. मग टोपणाच्या आतली दोन खाचांची पितळी रिंग टोकदार चिमट्यानं घट्ट करा. लुकलुकणं बहुतेक वेळा तिथंच थांबतं. शेवटी रबरी रिंगेला तांदळाएवढं सिलिकॉन ग्रीस. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं.

साकोली, धान
चालेल. म्हणजे घरात 18650 वाली एक, खिशात पेन्सिल सेलची एक, निकेलचे दोन सेल आलटूनपालटून टाकून. झिंक-कार्बन बंद करते.

वरुड, संत्रा
चालायला तुमचं 519ए घेईन. बागेसाठी मात्र मी 10,000 कॅन्डेलाच्या खाली उतरणार नाही.