सॉफ्टबॉल: देशाची जर्सी मोठी की लीगचा पगार?

डावखुरी_पिचर

परवा महिला खेळांच्या धाग्यावर सातवी_इनिंग यांनी लिहिलं होतं: "सॉफ्टबॉल खेळायचा तर देशासाठी. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीग म्हणजे उघडून बंद पडणारी दुकानं. तिथे कोण जिंकलं ते पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही." तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून हा धागा.

बंद पडण्याचंच म्हणाल तर आधी ऑलिंपिकचं बघा. 1996 ते 2008 सलग चार वेळा सॉफ्टबॉल होता. मग लंडन नाही, रिओ नाही. टोकियोत परत आला, पॅरिसला पुन्हा बाहेर, आता 2028 ला लॉस एंजेलिस. बीजिंगच्या वेळी 18 वर्षांची असलेली मुलगी टोकियोच्या वेळी 31 ची झाली. मधली तेरा वर्षं तिने कशावर काढायची? राष्ट्रीय संघाची शिबिरं आणि स्पर्धा धरल्या तरी वर्षातले मोजके आठवडे होतात. बाकीच्या महिन्यांचं घरभाडं जर्सी भरत नाही.

आणि ज्यांची उदाहरणं तुम्ही देता त्या जपानच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या युकिको उएनोचंच घ्या. बीजिंगला दोन दिवसांत तीन सामने, 413 चेंडू, आणि शेवटी अमेरिकेवर 3-1. टोकियोत ती 39 वर्षांची होती, पुन्हा फायनल, पुन्हा अमेरिका, 2-0. ऑलिंपिक नव्हतं तेव्हा ती कुठे होती? ताकासाकीच्या कंपनी-संघात, जपानच्या लीगमध्ये, हंगामामागून हंगाम चेंडू टाकत. तो खांदा लीगने जपला. पदक देशाला मिळालं, आणि आपण टाळ्या फक्त देशासाठी वाजवतो.

सातवी_इनिंग

माझं वाक्य उचललंत तर माझा मुद्दाही पूर्ण उचला. 1976 ला टेनिसपटू बिली जीन किंगसारखी व्यक्ती पाठीशी असूनही अमेरिकेतली पहिली लीग चार हंगामांत संपली. 1997 ला दुसरी आली, तीही टिकली नाही. 2004 ला तिसरी, नॅशनल प्रो फास्टपिच, 2021 ला बंद. संघ एका शहरात येतो, दोन वर्षांत नाहीसा होतो. अमेरिकेची पिचर मोनिका ॲबट हिच्या 2016 च्या दहा लाख डॉलरच्या कराराच्या बातम्या सगळ्यांनी नाचवल्या. तो सहा वर्षांचा होता, त्यातला मूळ पगार वर्षाला 20 हजारांच्या आसपास आणि बाकी सगळं प्रेक्षक किती येतात त्यावर. याला कमाई म्हणायचं?

त्याच लीगच्या शेवटच्या हंगामांत संघ पुरे पडेनात म्हणून चीन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय संघ आणून खेळवले. म्हणजे लीगला जगवायलाही शेवटी देशच लागले. यावर काय उत्तर आहे?

डावखुरी_पिचर

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. ते देश आपल्या मुलींना घेऊन अमेरिकेतल्या लीगमध्ये का आले? कारण घरी सराव सामने खेळून ऑलिंपिकची तयारी होत नाही. त्यांना रोज ताशी 65-70 मैलांचा चेंडू समोर हवा होता. 43 फुटांवरून तो येतो तेव्हा बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि त्या वेळात चेंडू वर चढतोय की खाली बसतोय ते ओळखायचं असतं. हे शिबिरात शिकवता येत नाही.

ॲबटचं म्हणाल तर ती टोकियोच्या फायनलमध्ये जपानविरुद्ध उतरली. त्याआधी कित्येक हंगाम ती जपानमध्येच टोयोटाच्या संघातून खेळत होती. म्हणजे तीही लीगमध्येच खेळत राहिली.

टेक्सासचा_बाबा

दोघेही चुकीच्या जागी भांडताय. इथे अमेरिकेत खरा खेळ कॉलेजचा आहे. माझी लेक ट्रॅव्हल बॉल खेळते, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लबकडून गावोगावच्या स्पर्धा. संध्याकाळी ऑफिसातून आलो की पार्किंगच्या कडेला उलट्या बादलीवर बसून तिचे चेंडू पकडणं हे माझं काम. बादलीच्या झाकणावर गादी लावलेली मिळते, इथल्या प्रत्येक सॉफ्टबॉल बापाकडे ती असते. एकदा राइज बॉल, म्हणजे वर चढणारा चेंडू, चुकला आणि अंगठ्याचं नख गेलं.

तर तिच्या खोलीत पोस्टर कुणाचं आहे? कॉलेजची पिचर नायजारी कॅनडी हिचं. 2024 ला टेक्सास टेक विद्यापीठाने या मुलीला एका वर्षासाठी दहा लाख डॉलरच्या वर मिळवून दिले, कॉलेजात असताना. ओक्लाहोमा सिटीतल्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला, स्टेडियम भरतं. राष्ट्रीय संघात कोण कोण आहे ते विचारलंत तर तिच्या टीममधल्या मुलींना दोन-तीन नावं येतील. कॉलेज संपलं की पुढे काय, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी नवी व्यावसायिक लीग एयूएसएल (ॲथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग) मला महत्त्वाची वाटते. 2025 ला चारच संघ होते आणि ते गावोगाव फिरत होते. 2026 साठी सहा संघांना शहरं दिली आहेत, त्यातलं एक आमच्या जवळचं राउंड रॉक. मेजर लीग बेसबॉलने पैसे घातले आहेत, वर किम एंग कमिशनर आहेत. यावेळी पाया वेगळा आहे.

जळगावकर_शॉर्टस्टॉप

वाचून बरं वाटलं, पण दादा, दहा लाख डॉलर आणि गादीची बादली! आमच्या शाळेच्या किटमध्ये कॅचरचं, म्हणजे पिचरचे चेंडू पकडणाऱ्या खेळाडूचं, एकच गिअर होतं. छातीच्या पॅडचा पट्टा तुटलेला, तो बुटाच्या नाडीने बांधायचा. इनिंग बदलली की घामाने ओलं झालेलं तेच पॅड समोरच्या संघाच्या कॅचरला द्यायचं, कारण त्यांच्याकडे तेही नसायचं. तरी महाराष्ट्राच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं पदकं आणतात. कशासाठी? लीग नाही, ऑलिंपिकला आपण जात नाही. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण. आमची लीगही तीच आणि राष्ट्रीय संघही तोच.

पेठेतला_प्रेक्षक

इथे मला राहवत नाही. हे गुण आणि हे आरक्षण यांनीच खेळाची वाट लावली. माझ्या भाच्याचा प्रवेश थोड्या गुणांनी हुकला आणि वर्गातला एक जण खेळाच्या गुणांवर पुढे गेला. त्याला मैदानावर कुणी पाहिलेलं नाही. कोण विचारत नाही असे खेळ धरायचे, स्पर्धा भरवायची, प्रमाणपत्रं वाटायची. हे बंद करा, मग कळेल किती जणांना सॉफ्टबॉलचं प्रेम आहे.

जळगावकर_शॉर्टस्टॉप

"कोण विचारत नाही असे खेळ" हे शब्द मागे घ्या. मे महिन्यात खानदेशात दुपारी मैदानावर उभं राहून दाखवा, मग प्रेमाचा हिशोब मांडा. बोगस कागदवाल्यांचा सगळ्यात जास्त फटका आम्हालाच बसतो. माझ्या बहिणीचं प्रमाणपत्र पडताळणीत अडकलं. तिने खरोखर सामने खेळले होते, डाव्या पोटरीवर स्लाइडिंगचा व्रण आहे. पण त्या स्पर्धेच्या नोंदी आयोजकांनी वेळेत दिल्या नाहीत. हेलपाटे घालता घालता भरतीची मुदत गेली. पुढच्या भरतीत ती लागली, पण ते वर्ष कोण परत देणार? तुमच्या भाच्याला दुसरं कॉलेज मिळालं असेल.

पेठेतला_प्रेक्षक

भाच्यावर जाऊ नका. बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, ते मनापासून. पण त्यावरून पडताळणी आणखी कडक हवी एवढंच सिद्ध होतं.

वऱ्हाडी_कॅचर

कडक नको, वेळेवर हवी. अमरावतीत आमच्या बॅचमधल्या चांगल्या मुली आज पोलिसात आहेत, काही शाळांत क्रीडाशिक्षिका आहेत. गावात बारावीनंतर लग्नाचं बोलणं सुरू होतं, तेव्हा "नॅशनल खेळली तर नोकरीचा चान्स आहे" या एका वाक्यावर बाप मुलीला अजून दोन वर्षं मैदानावर पाठवतो. पुण्यात बसून हे दिसत नाही. आरक्षण काढलंत तर मुली मैदानावरून जातील, बोगस कागदवाले दुसरा खेळ शोधतील.

डावखुरी_पिचर

धागा भलतीकडे गेला म्हणून चिडणार होते, पण माझा मुद्दा इथेच आहे. जपानमध्ये टोयोटा, होंडा, डेन्सो, हिताची यांचे संघ आहेत. त्यातल्या बऱ्याच मुली कंपनीच्या नोकरदार असतात आणि लीग खेळणं हा त्या नोकरीचाच भाग असतो. 1968 पासून हे चालू आहे, 2022 ला त्याच रचनेला नवं रूप देऊन 16 संघांची लीग केली. आपल्याकडेही नोकरी मिळते, पण नोकरी लागली त्या दिवशी खेळ सुटतो. जळगावकर, तुमची बहीण आता खेळते का?

जळगावकर_शॉर्टस्टॉप

नाही. रुजू झाल्यावर पहिल्या वर्षी सरावाला सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, आता कशाला? प्रमाणपत्राचं काम झालं ना?

सातवी_इनिंग

हे वाचून गप्प बसवत नाही. जपानचं मान्य करतो. पण लक्षात घ्या, ती तिकिटांवर चालणारी लीग नाही. कंपनी तोटा सोसते म्हणून ती टिकते. त्याला अमेरिकन लीगच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नका. आणि कंपन्या तोटा का सोसतात? कारण 2008 ला आणि 2021 ला अख्ख्या जपानने ते सामने पाहिले. देशाच्या पदकाशिवाय ते पैसे आले नसते.

डावखुरी_पिचर

1968 ला कुठलं पदक होतं? ऑलिंपिकमध्ये खेळ यायला अजून 28 वर्षं होती. लीग आधी आली.

सातवी_इनिंग

बरं. त्या एका तारखेवर तुमचं खरं. तरी अमेरिकेबद्दलचं मत बदलत नाही. 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधला सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत होईल, स्टेडियम भरेल, त्या लाटेवर लीग एक-दोन वर्षं चालेल. खरी परीक्षा त्यानंतर. 2030 चा हंगाम हेच सहा संघ याच शहरांत खेळले, तर लीगच्या बाजूने धागा मी काढेन.

टेक्सासचा_बाबा

लिहून ठेवलंय. राउंड रॉकची तिकिटं मी दरवर्षी काढणार आहे, तुमचं भाकीत खोटं पाडायला माझ्या घरून तेवढी मदत.

वऱ्हाडी_कॅचर

आणि तोवर इथल्या जिल्हा संघांसाठी कुणाला कॅचरचं गिअर पाठवायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. लहान मापाची हेल्मेटं सगळ्यात आधी हवीत.