वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोंतले रंग खरे की भरलेले? नववीच्या वर्गात काय सांगू?

चिपळूणच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रोजेक्टरवर गरुड तेजोमेघातले 'निर्मितीचे स्तंभ', म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे उंच खांब, दाखवले. आधी हबल दुर्बिणीचा १९९५चा फोटो, मग वेब दुर्बिणीचा २०२२चा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, जागा एकच ना? मग एकात मागचं आकाश हिरवट-निळं आणि दुसऱ्यात स्तंभ तांबूस मातीसारखे, असं कसं? यातला खरा रंग कुठला?"

मी सांगितलं की वेब अवरक्त किरणांत बघते, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर तिचा लगेच दुसरा प्रश्न आला, "दिसतच नाहीत तर त्यांना रंग कुठून आला? कोणी भरले?"

तास संपत आला होता, म्हणून सोमवारी सांगते असं म्हणून सुटले. पण खरं सांगायचं तर मलाच नीट माहीत नाही. पोरगी मनापासून विचारते, तिला थातूरमातूर काही सांगायचं नाहीये. कृपया मदत करा. शाळेत प्रयोगशाळा नावापुरतीच आहे, हेही लक्षात घ्या.

दुर्बीण_सातारा

बाई, त्याला 'फॉल्स कलर' म्हणतात. मूळ फोटो कृष्णधवलच असतात, नंतर फोटोशॉपमध्ये रंग भरतात. शास्त्रज्ञांचं काम काळ्या-पांढऱ्यावरच चालतं, रंग आपल्यासारख्यांना बघायला बरे वाटावेत म्हणून. तिला एवढंच सांगा, पुरे होईल.

मृगशीर्ष

सातारकर दादा, मूळ फोटो कृष्णधवल असतात हे तुमचं अगदी बरोबर. पण 'बघायला बरे वाटावेत म्हणून' एवढ्यावर थांबलात तर ती मुलगी समजेल की आपल्याला फसवलं. तसं होऊ नये असं मला फार वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट ॲस्ट्रोसॅटच्या डेटावर होता. भारताची ही अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून गेली. तिच्यावर यूव्हीआयटी नावाची अतिनील दुर्बीण आहे, ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन नळ्या शेजारी शेजारी. ही दुर्बीण आपल्या मोबाइलसारखा एक फोटो 'काढत' नाही. सेकंदाला सुमारे २९ फ्रेम घेते, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुठे कुठे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, येऊन आदळला तेवढं नोंदवते. उपग्रह थोडा थोडा सरकत असतो, म्हणून त्या हजारो फ्रेम जमिनीवर एकावर एक नीट बसवाव्या लागतात. मग चित्र उभं राहतं.

मी पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा स्क्रीनवर नुसता काळोख. मला वाटलं, फाइलच खराब आहे. आमच्या सरांनी मागून येऊन स्केल 'लॉग'वर टाकलं, म्हणजे अंधूक ठिपकेही दिसतील असं केलं, आणि ठिपके वर आले, कोणीतरी अंगणात रांगोळीचे ठिपके टाकून ठेवावेत आणि उजाडल्यावर ते दिसावेत तसे. तो एनजीसी १८८ हा तारकागुच्छ होता, ध्रुवताऱ्यापासून फार लांब नाही, आणि अब्जावधी वर्षांचा म्हातारा. साध्या प्रकाशातल्या फोटोत तिथे शेकडो तारे दिसतात. अतिनीलमध्ये मात्र बोटांवर मोजावे इतके उरले. बाकीचे होते तिथेच, पण ते इतके गरम नाहीत, म्हणून या खिडकीतून दिसत नव्हते.

त्या उरलेल्यांत काही 'ब्लू स्ट्रॅगलर' होते. गुच्छातले सगळे तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले, आणि गरम निळे तारे लवकर जळून संपतात, त्यामुळे ते एव्हाना संपायला हवेत. तरी काही निळे शिल्लक दिसतात, कारण त्यांनी बऱ्याचदा जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून घेतला असतो. अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये याच गुच्छात, याच दुर्बिणीने, अशा एका ताऱ्याचा अतिशय गरम जोडीदार शोधला. साध्या प्रकाशात तो मोठ्याच्या उजेडात लपून गेला होता. एकाच जागेचे दोन खिडक्यांतून घेतलेले फोटो शेजारी ठेवले म्हणून हे कळलं.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. हबलच्या १९९५च्या फोटोत तीन फिल्टर होते. एकातून फक्त गंधकाचा प्रकाश येतो, दुसऱ्यातून हायड्रोजनचा, तिसऱ्यातून ऑक्सिजनचा. तीन कृष्णधवल फोटो. गंधकाला लाल रंग दिला, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. वास्तविक हायड्रोजनचा हा प्रकाश लालच असतो, ६५६ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा. गंधकाचाही लालच, ६७३चा. दोघांना त्यांचा 'खरा' रंग दिला असता तर फोटोभर एकच लाल गोळा झाला असता आणि कुठे काय आहे ते कळलंच नसतं. म्हणून क्रम तोच ठेवला, सगळ्यांत लांब लहर लाल आणि सगळ्यांत आखूड निळी, फक्त मधलं अंतर ताणलं. वेबच्या फोटोतही हाच नियम, फक्त सगळ्या लहरी लालच्या पलीकडच्या. अवरक्त किरण धुळीतून बरेचसे आरपार जातात, म्हणून वेबच्या फोटोत स्तंभ विरळ दिसतात आणि पलीकडचे तारे डोकावतात.

म्हणजे रंग भरले हे खरंच. पण ते मनाला येईल तसे भरलेले नसतात. प्रत्येक रंगामागे कुठला फिल्टर आहे ते लिहून ठेवलेलं असतं.

वर्गासाठी दोन गोष्टी, दोन्ही फुकटात होतील. पहिली: पांढऱ्या कागदावर लाल आणि हिरव्या स्केचपेनने दोन अक्षरं लिहा आणि लाल जिलेटिन पेपरमधून बघायला लावा. लाल अक्षर जवळजवळ नाहीसं होतं, हिरवं काळं होतं. मग हिरव्या पेपरमधून बघायला सांगा, आणि विचारा, "खरा कागद कुठला?" दुसरी: टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, स्क्रीनवर पुढचा दिवा जांभळट-पांढरा लुकलुकतो. काही मोबाइलमध्ये मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, तेव्हा सेल्फीचा वापरा. तो दिवा अवरक्त आहे. तो जांभळा रंग कोणी भरला, हे तिलाच विचारा.

उल्का_डोंबिवली

मृगशीर्षताई, सुंदर लिहिलंत. एक भर घालते. रंगांच्याही पुढची पायरी म्हणजे वर्णपट, कुठल्या लांबीच्या लहरीचा प्रकाश किती आला त्याची नोंद, आणि तिथे तर चित्रही नसतं, नुसता चढउतारांचा आलेख.

फेब्रुवारी १९८७मध्ये मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, एक तारा फुटला, एसएन १९८७ए. सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं लांबचा, तरी दक्षिणेकडच्या देशांतून नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. हबल तेव्हा आकाशात नव्हती, ती १९९०ची. पण नंतर तिने वर्षानुवर्षं त्याचे फोटो घेतले आणि ताऱ्याभोवतीच्या कड्यावर एकेक ठिपका उजळत गेला, मण्यांची माळ असावी तसा. स्फोटाचा धक्का त्या कड्यापर्यंत पोचत होता.

मधोमध काय उरलं, ते मात्र कित्येक वर्षं दिसत नव्हतं, धूळ आड येत होती. वेबच्या वर्णपटात तिथे आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) अरगॉन आणि गंधकाच्या रेषा सापडल्या, निष्कर्ष फेब्रुवारी २०२४मध्ये छापून आले. आत न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिशय घट्ट गाभा, असल्याशिवाय त्या रेषा समजावून सांगणं अवघड जातं. न्यूट्रॉन तारा फोटोत कुणी पाहिला नाही, पण त्याच्या किरणांनी आजूबाजूचे अणू कसे बदलले ते वर्णपटात वाचलं. ही गोष्ट त्या मुलीला नक्की सांगा, तिला आवडेल.

दुर्बीण_सातारा

'बघायला बरे वाटावेत म्हणून' हे माझं वाक्य मागे घेतो. गंधक आणि हायड्रोजन दोघेही लाल, हे मला माहीत नव्हतं. आमच्या मंडळात दर महिन्याला गच्चीवर पोरं येतात, त्यांना मी हेच चुकीचं सांगत आलो. या वेळी जिलेटिन पेपर घेऊन जातो.

चिपळूणच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तास झाला. जिलेटिन पेपर बाजारात मिळाला नाही, मग लग्नाच्या आहेराचं लाल प्लॅस्टिकचं वेष्टण घरी होतं तेच नेलं, चाललं. रिमोट मुख्याध्यापकांच्या खोलीतून आणला. माझ्या मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात काहीच दिसेना, पोटात गोळा आला. मग तुमचं आठवलं आणि सेल्फीचा कॅमेरा लावला. छत्तीस मुलं एका मोबाइलभोवती. दिवा लुकलुकला तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असेल.

ती मुलगी मात्र शांत होती. सगळे जागेवर बसल्यावर तिने हात वर केला. "बाई, मग वेबने हा रिमोट बघितला तर तिच्या फोटोत दिवा कुठल्या रंगाचा येईल?"

मी पुन्हा सोमवार मागून घेतला. मृगशीर्षताई, सांगाल का?

मृगशीर्ष

बाई, हा प्रश्न मला एमएस्सीला कोणी विचारला नाही. आत्ता कागद घेऊन बसले.

रिमोटचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरला असतो. वेबच्या निअरकॅम कॅमेऱ्यात एक फिल्टर ८०० ते १००० नॅनोमीटरच्या आसपासचा आहे, त्यात तो बरोबर बसतो. आणि स्तंभांच्या फोटोत वापरलेल्यांपैकी तो सगळ्यांत आखूड लहरींचा फिल्टर. क्रमाचा नियम तोच, म्हणजे सगळ्यांत आखूड ते निळ्याच्या बाजूला.

तिला सांगा, निळा.