ब्रोकरचा वेग आणि टेबलातील नोंदी: चाचणीत नेमके काय मोजावे

ब्रोकर (उपकरणांचे संदेश स्वीकारून पुढे पोहोचवणारा मध्यस्थ सर्व्हर) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांच्या जोडणीची दोन मिनिटे चाचणी घेऊन केलेल्या एका तुलनेत, ब्रोकरने सेकंदाला किती संदेश स्वीकारले, या एकाच आकड्यावरून ती जोडणी वेगवान ठरवली आहे आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये क्यूओएस १ (संदेश किमान एकदा पोहोचवण्याची पातळी) वापरला, तरी संदेश पाठवणाऱ्या उपकरणाला मिळणारी पोच ब्रोकरची असते. ती मिळाली म्हणजे नोंद टेबलात पोहोचली, असे नव्हे. मध्ये रांग असते आणि डेटाबेस मागे पडला की ती गुपचूप वाढत जाते. म्हणून संदेश निघाल्यापासून डेटाबेसमध्ये कमिट (नोंद कायम) होईपर्यंतचा काळ मोजावा आणि सरासरीबरोबर ९९वा शतमकही (९९ टक्के संदेश ज्या वेळेच्या आत पोहोचतात ती वेळ) द्यावा.

दोन मिनिटांची चाचणी मला अपुरी वाटते. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंटचे (मेमरीतील बदल डिस्कवरील फायलींत उतरवण्याच्या टप्प्याचे) मूळ अंतर ५ मिनिटांचे असते आणि प्रत्येक चेकपॉइंटनंतर डेटाच्या एखाद्या पानात पहिला बदल होताना ते संपूर्ण पान वॉलमध्ये (बदल आधी नोंदवणाऱ्या लॉगमध्ये) लिहिले जाते, त्यामुळे लिहिण्याचा भार अचानक वाढतो; छोट्या चाचणीत हा चढ दिसेलच असे नाही. रिकाम्या टेबलावरचे आकडेही फसवे असतात, कारण इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) मेमरीत मावेनासा झाल्यावरच खरी परीक्षा सुरू होते.

बॅचचा (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या गटाचा) आकार, तिची कमाल प्रतीक्षा आणि सिंक्रोनस कमिट (लॉग डिस्कवर लिहिला गेल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे कळवणे) चालू होते की बंद, हे निकालासोबत लिहायलाच हवे. ते बंद ठेवल्यास वेग वाढतो, पण सर्व्हर कोसळल्यास शेवटचे काही व्यवहार गमावण्याची शक्यता असते.

शिवाय क्यूओएस १ मध्ये तोच संदेश दुसऱ्यांदा येऊ शकतो. तेव्हा प्रत्येक संदेशात उपकरणाचा क्रमांक आणि चढता अनुक्रमांक घालून, चाचणीनंतर टेबलात किती नोंदी हरवल्या व किती दुबार आल्या, हे तपासावे.