व्हिडिओ गेमला 'ए' सर्टिफिकेट हवं की नको? मत मांडा

डिचोलीकर:
सिनेमाला आपल्याकडे 'ए' आहे, ओटीटीला २०२१ च्या नियमांनी वयाचे गट लावले, पण गेमला वयानुसार सरकारी वर्गवारीच नाही. ती मागायला सह्यांची मोहीम काढूया असं माझं म्हणणं आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ संपेपर्यंत गेमचं सगळ्यात वरचं रेटिंग १५+ होतं, त्यापुढचा गेम नाकारला की दुकानात विकताच येत नसे. 'फॉलआउट ३' २००८ मध्ये त्यातल्या मॉर्फिनवरून अडकला, औषधाचं नाव बदललं तेव्हा सुटला. नियम बदलायला सगळ्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलांचं (म्हणजे कायदामंत्र्यांचं) एकमत लागायचं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मायकल ॲटकिन्सन अडून बसले होते. तरी लोक मागे हटले नाहीत. सरकारने मतं मागवली तर ५८ हजारांवर आली, त्यातली ९८ टक्के १८+ रेटिंग आणण्याच्या बाजूने, आणि १ जानेवारी २०१३ पासून १८+ लागू झालं.

म्हापशाची आई:
दादा, शिक्का मारून काय होणार? प्ले स्टोअरवर वय लिहिलेलं असतंच की. माझा मुलगा आठवीत आहे, जन्मसाल विचारलं की १९९० टाकतो आणि पुढे जातो. घरी आम्ही दोघंही कामावर, लक्ष ठेवणार कोण? मला विचाराल तर असले रक्तपाताचे गेम इथे विकायलाच नकोत.

सत्तरीचा गेमर:
ताई, मी २६ वर्षांचा आहे, मी काय खेळायचं ते तुमच्या मुलाच्या वयावरून का ठरवायचं? पण डिचोलीकर, तुमचंही पटत नाही. बोर्ड आलं की कात्री आली, सिनेमाचं बघतोच आपण. आणि तुमच्या त्याच ऑस्ट्रेलियात १८+ आल्यावर सहा महिन्यांत 'सेंट्स रो ४' नाकारला होता, ते का नाही लिहिलं?

डिचोलीकर:
बरोबर आहे, नाकारला होता, नंतर कापलेली आवृत्ती पास झाली. म्हणूनच मागणीतच लिहायचं की बोर्डाने फक्त वय ठरवायचं, कापायचं नाही. आणि ताई, १८+ चा वरचा खण नसला की मोठ्यांचे गेम खालच्या १५ मध्ये कोंबले जातात, तिथे बाजूने असलेले लोक हेच सांगत होते, म्हणजे ही मागणी मुलांच्या विरोधात नाहीच. आपल्या गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोत २१ च्या आतल्याला घेत नाहीत, दारावर कार्ड बघतात, तसं विकणाऱ्यावर बंधन आलं पाहिजे. आता १९९० टाकलं की कोणावरच काही येत नाही.

फोंड्यात गेमिंग पार्लर:
माझं ऐका, मी रोज बघतो. शाळा सुटली की युनिफॉर्मवर पोरं येतात, जीटीए ('ग्रँड थेफ्ट ऑटो', गुन्हेगारीचा गेम) लाव म्हणतात, मी नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत जातात आणि माझं गिऱ्हाईक जातं. कायदा असला तर दोघांनाही नाही म्हणावं लागेल, मला तेवढंच पुरे. जीटीए ५ ला ऑस्ट्रेलियात १८+ आहे, आमच्याकडे मी विचारायचं तरी कुणाला?

म्हापशाची आई:
पार्लरचं पटलं. पण मोबाइलचं काय, तो तर पांघरुणात चालतो. तुमच्या कागदावर मोबाइलचा मुद्दा पहिला नसेल तर मी सही करणार नाही.

सत्तरीचा गेमर:
आणि माझी अट, बोर्डात गेम खेळणारी माणसं हवीत, नाहीतर ट्रेलर बघून शिक्के मारतील. दोन्ही अटी लिहून कागद टाका, मग बोलू.