मालिकेतला चोर तैलचित्र गुंडाळून नेतो, हे पटतं का?

दांडियाबाजार: बडोद्यात घडणाऱ्या मालिकेचा भाग लिहितोय. चोर एका वाड्यातलं रविवर्म्याचं तैलचित्र ब्लेडने कापून नळीत घालतो, पहारेकऱ्याचा खून होतो. पुढे चित्र नकली निघतं. ते कशावरून कळेल?

रावपुरा: आधी नळी बदला. जुना तैलरंग ठिसूळ असतो. रंग आत ठेवून घट्ट गुंडाळला की थर दबून पापुद्रे सुटतात. रंगाची बाजू बाहेर आणि नळी चांगली वीतभर जाड हवी. चौकटीला राहिलेली कापडाची कड सोडू नका, हुकमी पुरावा आहे तो! कापलेले धागे चित्राशी जुळवता येतात.

मांडवी: पांढरा रंग तपासा. रविवर्मा १९०६ साली गेले, टायटॅनियम व्हाइट १९२०च्या सुमारास बाजारात आला. मूळ थरात तो सापडला की चित्र नकली. नुसत्या डागडुजीत असेल तर मात्र काही सिद्ध होत नाही. म्हणून आधी अतिनील दिवा: जुन्या व्हार्निशवर नंतरचे हात काळपट दिसतात.

दांडियाबाजार: चोर ते लंडनला लिलावात विकतो, चालेल?

रावपुरा: उघडपणे नाही. रविवर्म्याच्या चित्रांना १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली निर्यातबंदी आहे. तस्करीच दाखवा.