अनुभव धागा : दाढीचा पारंपरिक साबण आणि त्याचे बदललेले घटक

दाढीच्या साबणाची वडी, कांडी किंवा वाटी वर्षानुवर्षे वापरणाऱ्या अनेकांना एक अनुभव कधी ना कधी येतो. वेष्टन तेच, नाव तेच, पण नव्या वडीवर ब्रश फिरवला की हाताला काहीतरी निराळे लागते. हे निराळेपण नेमके कशात होते, घटकांच्या यादीशी ते ताडून पाहिले का, आणि पुढे काय केले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. ‘पूर्वीची सर आता नाही’ एवढ्यावर मात्र थांबू नये.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी जवळपास पंधरा वर्षे एकच साबण वापरत होतो. एका सकाळी उजवा गाल उरकून डाव्या गालाकडे वळेपर्यंत तिथला फेस सुकून पापुद्र्यासारखा झाला. मी आधी ब्रशला दोष दिला, मग पाते बदलले, मग ब्रश जास्त वेळ भिजवून पाहिला. साबणावर संशय घ्यायला मला दोन महिने लागले. योगायोगाने जुने वेष्टन कपाटाच्या खणात सापडले. त्यावर पहिला घटक सोडियम टॅलोएट, म्हणजे गुरांच्या चरबीचा साबण होता. नव्यावर त्या जागी सोडियम पामेट, म्हणजे पामतेलाचा साबण आला होता, आणि पोटॅशियमचा साबण यादीत बराच खाली सरकला होता. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक यादीत वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, त्यामुळे ही घसरण बोलकी होती. ‘नवे सूत्र’ असा शब्दही वेष्टनावर नव्हता. बदल केल्याचा मला राग नाही. तो न सांगितल्याचा आहे.

प्रतिसाद : रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक

चरबी गेली म्हणून फेस गेला, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकाऊ फेस मुख्यतः तेल-चरबीतील स्टिअरिक आणि पामिटिक या आम्लांच्या साबणांमुळे मिळतो. खोबरेलातील लॉरिक आम्ल झटपट, पण मोठ्या बुडबुड्यांचा, पोकळ फेस देते, आणि त्याचे प्रमाण वाढले की कातडी ओढल्यासारखी होते. गुरांच्या चरबीत स्टिअरिक आम्ल साधारण पाचवा हिस्सा असते, तर पामतेलात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून चरबी काढून तिच्या जागी नुसते पामतेल घातले तर फेस कमी पडणारच. मात्र वेगळे स्टिअरिक आम्ल घालून ती तूट भरली, तर गालाला फरक कळणे कठीण आहे. गंमत अशी की ‘स्टिअरिक’ हे नावच चरबीवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी प्राणिज चरबीवरील आपले संशोधन 1823 मध्ये ग्रंथरूपाने मांडले, त्यात हे आम्ल येते. आज तेच आम्ल वनस्पतीपासूनही मिळते आणि रेणू तोच असतो, त्यामुळे यादीतील ‘स्टिअरिक आम्ल’ या शब्दांवरून त्याचा उगम ओळखता येत नाही.

धागाकर्त्यांचा पोटॅशियमचा मुद्दा मला चरबीहून महत्त्वाचा वाटतो. सोडियमचा साबण कडक असतो, पोटॅशियमचा मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा. दाढीच्या साबणात दोहोंचा मेळ लागतो. पोटॅशियम घटले की तो अंगाच्या साबणाकडे झुकतो.

प्रतिसाद : चरबी न चालणारा वाचक

माझ्यासाठी हा बदल सोयीचाच ठरला. चरबीमुळे जे साबण मी हातात घेत नव्हतो, ते आता वापरतो. फेस थोडा कमी असेल. माझी तक्रार नाही.

प्रतिसाद : घरी साबण करणारी

वडिलांचा आवडता साबण पातळ पडू लागला, तेव्हा मी स्वतः करून पाहायचे ठरवले. 100 ग्रॅम शुद्ध स्टिअरिक आम्लाला साबण होण्यासाठी 19.7 ग्रॅम शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही अल्कली लागते. बाजारातील माल बहुधा 90 टक्के शुद्धतेचा असल्याने ते 22 ग्रॅमच्या आसपास जाते. हा हिशेब न केल्यामुळे माझा पहिला घाणा तेलकट राहिला. दुसऱ्या वेळी निराळी फजिती झाली. स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंश सेल्सियसला वितळते आणि अल्कली भेटताच क्षणात साबण होते, त्यामुळे भांड्यातले मिश्रण घट्ट गोळा होऊन पळी उभीच राहिली. तिसऱ्यांदा आधी तेले आणि शिआ लोणी यांचे साबण होऊ दिले आणि स्टिअरिक आम्ल शेवटी घातले. शेवटी थोडे ग्लिसरीन मिसळले. वडिलांनी फेस पाहून मान डोलावली. सुगंध मात्र त्यांना ‘औषधी’ वाटला.

प्रतिसाद : सुगंधासाठी साबण घेणारा

सुगंधाचा विषय निघालाच आहे, तर माझे दुखणे तेच आहे. माझ्या साबणाचा फेस तसाच आहे, पण त्यातला फुलांचा ताजेपणा गेला. जुन्या यादीत ब्युटिलफिनाइल मिथिलप्रोपिओनल, म्हणजे लिलिअल हे फुलांच्या वासाचे सुगंधद्रव्य होते. प्रजननाला घातक म्हणून वर्गीकरण झाल्यावर युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याआधी लायरल हे सुगंधद्रव्य आणि ओकमॉसमधील अॅट्रॅनॉल व क्लोरोअॅट्रॅनॉल हे अॅलर्जी आणणारे घटक असलेला माल ऑगस्ट 2021 पासून तिथे विक्रीबाह्य झाला होता. ओकमॉस म्हणजे ओकवर वाढणारे दगडफुलासारखे शैवाक. जुन्या धाटणीच्या कित्येक सुगंधांचा तो पाया होता. कातडीला अॅलर्जी आणणारा घटक काढला, याबद्दल उत्पादकाला दोष कसा द्यावा? तरीही चुकल्या-चुकल्यासारखे होते.

प्रतिसाद : दुष्फेन पाण्याच्या भागात राहणारा

नव्या वडीत माझ्याकडे फेसाऐवजी पांढरा साका येऊ लागला. यादीत टेट्रासोडियम ईडीटीए गायब होते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून ठेवणारा तो घटक आमच्या पाण्याला आवश्यक होता, हे तो गेल्यावर कळले. आता ब्रश भिजवायला वाटीभर ऊर्ध्वपातित पाणी घेतो, आणि त्याच वडीचा उत्तम फेस येतो. घटक बदलल्याची तक्रार करण्यापूर्वी एकदा पाणी बदलून पाहावे, असे मी सुचवीन.

प्रतिसाद : जुना साठा करून ठेवणारा

बदलाची कुणकुण लागताच मी जुन्या सूत्राच्या बारा वड्या घेऊन ठेवल्या. आठ छान निघाल्या. नववीवर नारिंगी डाग आणि खवट वास होता. तेलाचा जो अंश साबण न होता उरतो, तो हवेने खराब होतो. उरलेल्या तीन मी अजून उघडलेल्या नाहीत. रोजच्या दाढीला नवीच वडी घेतो.